थेंब किती बारीक असावा? फवारणीच्या पंपातून समजून घेऊ थेंब फुटण्याचं शास्त्र

केमिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधून रिसर्चकडे वळायचं म्हटलं की एक विषय कुठे ना कुठे आडवा येतोच: थेंब आणि कण फुटतात कसे, आणि फुटल्यावर पसरतात कसे. रिअॅक्टर असो, रंगाचा कारखाना असो, दुधाची पावडर असो की इंजिनमधलं डिझेल, सगळीकडे एका मोठ्या गोळ्याचे असंख्य छोटे तुकडे करायचे असतात. पुस्तकात हा विषय गोल टाकी आणि फिरत्या पंख्याच्या आकृतीने सुरू होतो आणि दोन पानांत समीकरणांमध्ये हरवतो. म्हणून आज आपण तो दुसऱ्या टोकाने धरू.

जालना जिल्ह्यात ज्या दोन-तीन गोष्टी कोणालाही दिसतात, त्यात शेतातली फवारणी एक. कडवंचीच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो, अंबड-घनसावंगीकडे मोसंबीवर औषध मारलं जातं आणि कपाशीत तर पाठीवरचा पंप घेऊन माणूस स्वतःच ओळीतून चालत असतो. या एका पंपात आपल्या विषयातले तीनही प्रकार घडतात. बादलीत तेलकट औषधाचे थेंब पाण्यात फुटतात. भुकटी औषधाच्या गुठळ्या सुटतात. आणि नोझलमधून बाहेर पडताना त्याच पाण्याचे थेंब हवेत फुटतात.

"जितका बारीक थेंब तितकी चांगली फवारणी" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं किती महाग पडू शकतं, ते पुढे येईलच. आधी पाया पक्का करू.

थेंब फुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

थेंबाला एकत्र धरून ठेवतो तो पृष्ठताण. पृष्ठभाग जितका कमी करता येईल तितका कमी करायचा, हा त्याचा स्वभाव. म्हणून मोकळा थेंब गोल होतो. या ताणामुळे थेंबाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो. हा जादा दाब काढायला पृष्ठताणाची चौपट करा आणि थेंबाच्या व्यासाने भागा. पाण्याच्या १ मिलिमीटरच्या थेंबात तो सुमारे २९० पास्कल निघतो, तर १०० मायक्रॉनच्या थेंबात सुमारे २९०० पास्कल. थेंब दहापट लहान झाला की तो दहापट "टणक" होतो. लहान थेंब फोडणं अवघड का असतं, याचं उत्तर इथेच आहे.

दुसऱ्या बाजूला असतो बाहेरचा प्रवाह. हवा किंवा पाणी थेंबावर आदळतं, त्याला चपटं करतं, ताणतं. ही फोडणारी ताकद आणि थेंबाला धरून ठेवणारी ताकद यांचं गुणोत्तर म्हणजे वेबर अंक. हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि थेंबाचा व्यास यांचा गुणाकार करा, पृष्ठताणाने भागा, झालं. इथे वेग म्हणजे थेंब आणि हवा यांच्यातला फरक, हे विसरू नका. पाण्यासारख्या पातळ द्रवात हा अंक साधारण १२ च्या वर गेला की थेंब फुटतो.

खरं वाटत नसेल तर पावसावर तपासा. ६ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने खाली येतो. हवेची घनता १.२ आणि पृष्ठताण ०.०७२ घातला तर वेबर अंक ८ च्या आसपास येतो, म्हणजे थेंब काठावर आहे. ८ मिलिमीटरचा थेंब घेतला तर अंक ११ च्या वर जातो. म्हणूनच लिंबाएवढे पावसाचे थेंब कधी पडत नाहीत, ते वाटेतच फुटतात. २००९ मध्ये विलेरमो आणि बोसा या फ्रेंच संशोधकांनी नेचर फिजिक्समध्ये दाखवलं, की एकेकटा थेंब फुग्यासारखा फुगून फुटतो आणि त्यातून जे तुकडे होतात, तेवढ्यावरून पावसाच्या थेंबांच्या आकारांची विभागणी समजावता येते.

आता तोच हिशोब बागेत लावू. ब्लोअरच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर वेबर अंक १२ होण्यासाठी लागणारा व्यास सुमारे २९० मायक्रॉन येतो. त्याहून मोठा थेंब त्या झोतात फार वेळ टिकणार नाही. वेग दुप्पट केला तर ही मर्यादा चौथाईवर, म्हणजे ७२ मायक्रॉनवर येते. एका ओळीच्या गणितात तुम्हाला यंत्राचा स्वभाव कळला. सिम्युलेशनला हात घालण्याआधी हे गणित कागदावर करायची सवय लावा.

आधी बादलीत डोकावू: तेलाचे थेंब

बाजारातली बरीच द्रव कीटकनाशकं "ईसी" प्रकारची असतात. औषध एका तेलकट द्रावकात विरघळलेलं असतं आणि सोबत पायसकारक घातलेला असतो. पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. तो पांढरेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य बारीक थेंब.

ढवळलेल्या पाण्यात थेंब किती लहान होतील, याचं गाजलेलं सूत्र हिन्झे यांनी १९५५ मध्ये दिलं. कल्पना सोपी आहे. टर्ब्युलन्समध्ये लहान-मोठे भोवरे असतात. थेंबापेक्षा फार मोठा भोवरा थेंबाला नुसता वाहून नेतो. फार लहान भोवऱ्यात जोर नसतो. थेंबाएवढाच भोवरा त्याला दोन बाजूंनी वेगवेगळं ओढतो आणि फोडतो. हा जोर आणि पृष्ठताण समान धरले की सर्वांत मोठ्या टिकाऊ थेंबाचा व्यास मिळतो. तो पृष्ठताणाच्या ३/५ घातासोबत वाढतो आणि दर किलो द्रवामागे खर्च होणाऱ्या शक्तीच्या २/५ घाताने कमी होतो.

आकडे घालून बघू. हाताने काठी फिरवून दर किलोमागे १ वॅट शक्ती लागते असं धरा. पायसकारक नसलेल्या तेलाचा पाण्याशी असलेला ताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर घ्या. उत्तर येतं सुमारे १.४ मिलिमीटर. एवढे मोठे तेलाचे थेंब लगेच वर येऊन तवंग धरतील. पंपातल्या पहिल्या ओळीला नुसतं पाणी मिळेल आणि शेवटच्या ओळीला जळेल इतकं औषध.

मग जोरात ढवळायचं का? थेंब निम्मा करायचा तर शक्ती ५.७ पट लागते. कारखान्यातल्या टाकीत हेच विजेच्या बिलावर येतं. उलट ताण एक दशांश केला, तर तेवढ्याच ढवळण्यात थेंब चौथाईवर येतो. पायसकारक नेमकं हेच करतो, आणि फुटलेले थेंब पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती थरही बांधतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये "आरपीएम वाढवले" एवढंच लिहिण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवा. जोर आणि रसायन यातलं काय स्वस्त पडतं, हा प्रश्न उद्योगात रोज विचारला जातो.

इथे एक गंमत आहे. जोर वाढवला की थेंब फुटेलच, असंही नाही. जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात दोन पट्ट्या आणि चार रोळ यांच्यात एकेक थेंब पकडून प्रयोग केले. त्यातून आणि नंतरच्या कामातून हे स्पष्ट झालं, की थर एकमेकांवरून नुसते घसरत असतील अशा प्रवाहात, थेंब भोवतालच्या द्रवापेक्षा साधारण चौपटीहून जास्त घट्ट असेल तर तो कितीही वेगात फुटत नाही. तो फक्त जागच्या जागी गोल फिरत राहतो. त्याला फोडायला ताणणारा प्रवाह लागतो. म्हणजे "किती जोर" याच्या इतकंच "कुठल्या प्रकारचा जोर" हेही महत्त्वाचं.

भुकटीच्या गुठळ्या आणि पिठल्याचं बेसन

भुकटी औषधात वेगळी अडचण असते. इथे कण आधीच बारीक दळलेले असतात, पण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. गुठळी सोडवणं आणि कण फोडणं यात गोंधळ करू नका. कण फोडायचा तर दगडासारखी भेग पाडावी लागते, त्याला चक्की लागते. रिटिंगर (१८६७), किक (१८८५) आणि बाँड (१९५२) यांचे दळण्याच्या ऊर्जेचे नियम तिथे लागू होतात. गुठळीत मात्र कण एकमेकांना फक्त कमजोर आकर्षणाने धरून असतात. ते बंध सुटले की काम झालं.

अनुभवी शेतकरी भुकटी थेट पंपात टाकत नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून घट्टसर करतो, मग ती पातळ करून पंपात ओतो. घरात पिठलं करताना बेसनाचंही आपण तेच करतो. आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवायचं, मग पाणी वाढवायचं, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. यामागे शुद्ध द्रवगतिकी आहे. गुठळीवर येणारा कातरताण म्हणजे श्यानता गुणिले वेगातला फरक. घट्ट मिश्रणात श्यानता शेकडो पट असते, त्यामुळे त्याच हाताच्या वेगात गुठळीवर शेकडो पट ताण येतो आणि ती सुटते. पातळ पाण्यात तीच गुठळी प्रवाहासोबत मजेत गोल फिरते. रंग आणि शाईच्या कारखान्यात रंगद्रव्य आधी घट्ट पेस्टमध्ये घोटतात आणि नंतर पातळ करतात, तेही याच कारणाने.

नोझलमध्ये: पडदा, धागा, मणी

आता पंप सुरू करू. नोझलमधून पाणी थेंबांच्या रूपात बाहेर येत नाही. ते आधी एका पातळ पडद्याच्या रूपात येतं. पडद्यावर लाटा उठतात, पुढे तो पातळ होत फाटतो, फाटलेल्या कडांचे धागे होतात आणि धाग्यांचे मणी तुटतात. हे मणी म्हणजे आपले थेंब.

शेवटची पायरी तुम्ही रोज बघता. नळ अगदी बारीक सोडला की धार खाली जाऊन थेंबांत तुटते. बेल्जियमचे प्लाटो यांनी दाखवलं, की द्रवाचा दंडगोल त्याच्या परिघापेक्षा लांब झाला की टिकत नाही. लॉर्ड रॅले यांनी १८७० च्या दशकाच्या शेवटी यातली सर्वांत वेगाने वाढणारी लाट शोधली. तिची लांबी धारेच्या व्यासाच्या साडेचार पट असते. त्या लांबीचा धागा गोळा केला की धारेच्या व्यासाच्या साधारण १.९ पट व्यासाचा थेंब मिळतो. लक्षात घ्या, पृष्ठताण इथे पक्ष बदलतो. एकट्या थेंबाला तो सांभाळतो, पण धाग्याला तोच तोडतो. आणि दोन मोठ्या मण्यांच्या मधोमध जो बारीक दोरा उरतो, त्यातून एक छोटा उपथेंब तयार होतो. तो लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

यात ऊर्जा किती लागते? १ लिटर पाण्याचे १०० मायक्रॉनचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो, म्हणजे एका छोट्या फ्लॅटएवढा. त्या पृष्ठभागाची ऊर्जा मात्र फक्त ४.३ ज्यूल. आणि ३ बार दाबाने १ लिटर पाणी ढकलायला पंप ३०० ज्यूल खर्च करतो. दीड टक्काही ऊर्जा थेंब "बनवण्यात" गेली नाही. बाकीची वेगात, घर्षणात आणि हवेला हलवण्यात गेली. फोडण्याच्या जवळजवळ सगळ्या प्रक्रियांची ही शोकांतिका आहे, आणि म्हणूनच त्यात संशोधनाला जागाही आहे.

आता बादली आणि नोझल यांचं नातं बघा. स्टिकर किंवा स्प्रेडर टाकला की पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास येतो. म्हणजे थेंब निम्म्याहून लहान व्हायला हवेत, बरोबर? नाही. पडदा काही मिलिसेकंदच जगतो आणि स्टिकरचे रेणू नव्या पृष्ठभागापर्यंत पोचायला वेळ घेतात. पडदा फाटेपर्यंत ते पोचलेच नाहीत, तर नोझलच्या दृष्टीने ते जवळजवळ साधंच पाणी. उलट ईसी औषधाचे बादलीतले तेलाचे थेंब पडद्यात भोकं पाडतात. पडदा अजून जाड असतानाच फाटतो आणि थेंब अपेक्षेपेक्षा मोठे निघतात. पृष्ठताण कमी करणारं मिश्रण, पण थेंब मोठे! तयार सूत्रात आकडे भरणारा इथे फसतो. फुटण्याची पायरी कुठली आणि तिला वेळ किती मिळाला, हे विचारणारा पुढे जातो.

फुटलेला थेंब जातो कुठे?

आता त्या अर्ध्या खऱ्या वाक्याकडे येऊ. बारीक थेंबाचा फायदा खराच आहे. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातून १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात, पान जास्त ठिकाणी ओलं होतं. मोठा थेंब पानावर आदळून उसळतो किंवा घरंगळून मातीत जातो.

पण १ मीटर उंचीवरून सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत खाली यायला साधारण ४ सेकंद घेतो. २० मायक्रॉनचा थेंब ८० सेकंद घेतो. वारा सेकंदाला २ मीटर असला, म्हणजे पान जेमतेम हलेल इतकाच, तर पहिला थेंब ८ मीटरवर पडेल आणि दुसरा १६० मीटरवर, शेजारच्याचं शेत ओलांडून. वाटेत पाणी उडून जातं ते वेगळंच. थेंबाचं आयुष्य व्यासाच्या वर्गासोबत बदलतं, म्हणजे निम्म्या व्यासाचा थेंब चौथाई वेळातच सुकतो. मराठवाड्यातल्या कोरड्या, तापलेल्या दुपारी हे फार लवकर होतं. ६० मायक्रॉनच्या थेंबात न उडणारा भाग १ टक्का धरला, तर पाणी गेल्यावर उरतो १३ मायक्रॉनचा, शंभरपट दाट औषधाचा कण. तो खाली पडत नाही, हवेसोबत फिरतो. आणि साधारण १०० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब माणसाच्या नाकातोंडातून आत जाऊ शकतात, १० मायक्रॉनपेक्षा लहान तर छातीत खोलवर.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वेळच्या चर्चेत माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मनमानी मिश्रणं, संरक्षक कपड्यांचा अभाव आणि बारीक तुषार उडवणारे पंप यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा झाला. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. अंगावर पडलेलं औषध त्वचेतूनही शरीरात जातं, तो मार्गही मोठाच आहे. पण थेंबाचा आकार या साखळीतली एक कडी आहे, आणि ती कडी आपल्या विषयातली आहे. जालन्यातला कपाशीचा मजूर त्याच प्रकारचा पंप पाठीवर घेऊन त्याच उन्हात चालतो. म्हणून हा विषय परीक्षेपुरता नाही.

सरासरी सगळं लपवते

नोझलच्या माहितीपत्रकात एकच आकडा असतो, मध्यक व्यास. म्हणजे फवारलेल्या पाण्यापैकी निम्मं पाणी या व्यासापेक्षा लहान थेंबांत आणि निम्मं मोठ्या थेंबांत. समजा दोन नोझल आहेत आणि दोन्हींचा मध्यक व्यास २५० मायक्रॉन आहे. पहिल्यात सर्वांत बारीक १० टक्के पाणी १५० मायक्रॉनखाली आहे, दुसऱ्यात ६० मायक्रॉनखाली. कागदावर दोन्ही नोझल सारखे. पण दुसरा पंप पाठीवर घेणारा माणूस दर १० लिटरमागे १ लिटर औषधाचं धुकं स्वतःभोवती करून त्यात चालतो आहे.

मघाचा उपथेंब आठवा. तो या बारीक टोकात येतो. आकारमानाच्या हिशोबात त्याला किंमत नसते, कारण १० मायक्रॉनचे ६४,००० थेंब मिळून ४०० मायक्रॉनचा एक थेंब भरतो. पण श्वासाच्या हिशोबात त्यालाच किंमत आहे. म्हणून नेहमी निदान तीन आकडे मागा: डी१०, डी५०, डी९०. आणि सरासरी कुठली, हेही विचारा. पृष्ठभागावर घडणारी गोष्ट असेल, जसं बाष्पीभवन किंवा रासायनिक क्रिया, तर साउटर व्यास योग्य, म्हणजे एकूण आकारमानाच्या सहापटीला एकूण पृष्ठभागाने भागून येणारा.

"चांगला" आकार कुठला, हे कामावर ठरतं. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळ्या बनवणारे स्टीलचे कारखाने आहेत. सलग ओतकामात लालभडक बिलेटवर पाण्याचे फवारे मारतात. वरचा थर गोठलेला, पण आत धातू अजून पातळ असतो. एवढ्या गरम पृष्ठभागावर थेंब टेकण्याआधीच खाली वाफेची गादी तयार होते, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तशी. ती भेदायला थेंबात वजन आणि वेग हवा. बारीक धुकं तिथे वाफेसोबतच उडून जाईल. शिवाय फवारा सगळीकडे सारखा नसेल तर थंड होणंही सारखं नसतं आणि बिलेटला भेगा पडतात. शास्त्र तेच, वेबर अंकही तोच, पण इथे मागणी उलटी.

मोजमाप करताना

शेतात स्वस्तात थेंब मोजायचे तर पाणी-संवेदी कागद वापरतात. पिवळा कागद, थेंब पडला की निळा डाग. पण डाग थेंबापेक्षा मोठा असतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. आणि सर्वांत बारीक थेंब हवेसोबत कागदाला वळसा घालून निघून जातात, कागदाला लागतच नाहीत. म्हणजे जे टोक आपल्याला सर्वांत जास्त बघायचंय, तेच हा कागद लपवतो. प्रयोगशाळेतलं लेसरचं यंत्र वेगळी गडबड करतं. ते एका क्षणी समोर असलेले थेंब मोजतं. बारीक थेंब हवेत लवकर मंदावतात, लेसरसमोर जास्त वेळ रेंगाळतात आणि खऱ्यापेक्षा जास्त मोजले जातात. एक साधन कमी दाखवतं, दुसरं जास्त. दोन्ही निकाल जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका, प्रत्येक साधन काय मोजतं हे लिहा.

काही करून बघायचं असेल तर फक्त साध्या पाण्यावर करा, औषध घातलेल्या किंवा न धुतलेल्या पंपाला हात लावू नका. एकच नोझल, २ आणि ४ बार दाब, तीन अंतरांवर कागद, मोबाईलने फोटो आणि डाग मोजायला एखादं मोफत सॉफ्टवेअर. एवढ्यावर एक चांगला प्रोजेक्ट उभा राहतो. त्यात जुन्या, झिजलेल्या नोझलची तुलना नव्याशी केलीत, तर निकाल गावातल्या माणसाच्याही कामाचा ठरेल.

यात तुमचा प्रश्न कुठला?

रिसर्चमध्ये या सगळ्याला बांधणारं एक समीकरण आहे, संख्या-संतुलनाचं. शाळेच्या हजेरीपटासारखा विचार करा. प्रत्येक आकाराच्या वर्गात किती थेंब आहेत, फुटून किती बाहेर गेले, मोठ्यांच्या फुटण्याने किती आत आले, दोन लहान एकत्र होऊन किती वाढले. समीकरण मांडणं सोपं आहे. अवघड प्रश्न दोनच: थेंब किती वेगाने फुटतो, आणि फुटल्यावर त्याची पोरं कोणत्या आकाराची होतात. या विषयावरचं २००० साली आलेलं महत्त्वाचं पुस्तक डोराईस्वामी रामकृष्ण यांचं आहे, आणि त्यांचं पदवीचं शिक्षण मुंबईच्या यूडीसीटीमध्ये झालं होतं. १९३३ मध्ये सुरू झालेली तीच संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते आणि २०१८ पासून तिचा मराठवाडा कॅम्पस जालन्यात आहे. म्हणजे थेंबांचा हजेरीपट शिकायला आता जालन्याच्या पोराला मुंबई गाठावी लागेलच असं नाही.

मुलाखतीला जाताना किंवा प्रस्ताव लिहिताना या पाच प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा:

१. तुमच्या प्रक्रियेत थेंबाला धरून कोण ठेवतं: पृष्ठताण, श्यानता की कणांमधलं आकर्षण?
२. त्याला फोडतं कोण: हवेचा झोत, टर्ब्युलन्स, कातरताण की ताणणारा प्रवाह?
३. या दोघांचं गुणोत्तर किती, आणि फुटायला वेळ पुरेसा मिळतो का?
४. फुटल्यानंतर आकारांच्या विभागणीतलं कुठलं टोक तुमच्या कामाचं आहे, आणि तुमच्या साधनाला ते दिसतं का?
५. त्या टोकाची किंमत कोण मोजतं: वीजबिल, बिलेट, शेजारचं शेत की पंप घेतलेला माणूस?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतील. चौथ्यासाठी प्रयोग करावा लागेल. पाचवा प्रश्न बहुतेक पेपरांत नसतो, तो तुम्ही टाका. "थेंब बारीक केला" हा निकाल अपुरा आहे. कोणता भाग किती बारीक केला, तो कुठे गेला आणि तिथे कोण उभं होतं, एवढं सांगता आलं तर तुमचा विषय तुम्हाला कळला.

काही शंका असतील तर आकड्यांसह विचारा, आपण मिळून हिशोब करू.